ती ओळ प्रबंधात नाही

माया खोब्रागडे मॅडम रोज सकाळी कॉलेजच्या पायऱ्यांवर उभ्या राहत आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "येताना काय पाहिलं?" उत्तर इंग्रजीत द्यायचं, एका वाक्यात, आणि ते दुसऱ्या कुणाला देता येणार नाही असं हवं. "ट्रॅफिक" म्हटलं की त्या हात आडवा धरत. "ट्रॅफिक साऱ्यांनीच पाहिली. तू काय पाहिलं?" मग पोरगं डोकं खाजवत उभं राही आणि मागच्यांचा खोळंबा होई.

"नथिंग, मॅडम," असं एकजण घाईत म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "डोळे मिटून गाडी चालवत आला का गा? थांब, तुझ्या घरी फोन लावते."

मी एकदा मोठ्या ऐटीत सांगितलं की सायकलवर दार बांधून नेणारा एक माणूस पाहिला. मॅडमनी मान डोलावली. "बरं. दाराला कडी होती?" ते काही मी पाहिलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी नागपूरच्या रस्त्यांवरून कड्या, कुलपं, पाट्या, चपला बघत येत होते. इंग्रजी लिहायला मी तिथे शिकले, असं आता वाटतं. फळ्यासमोर बसायच्या आधीच.

मॅडम बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सक्तीचं इंग्रजी शिकवत. म्हणजे ज्या तासाला कुणी आपणहून बसत नाही, तो तास. वर्ग भरगच्च, मागच्या बाकांखाली मोबाइल चालू, आणि समोर पास होण्यापुरतं इंग्रजी हवं असलेली मुलं. काही शहरातल्या वस्त्यांतली, काही पहाटेच्या एसटीने येणारी. मॅडमचा आवाज मोठा नव्हता. ठेंगणी मूर्ती, कॉटनची साडी, खांद्याला जाड पट्ट्याची पिशवी. पण त्या बोलायला लागल्या की मागचे बाक हळूहळू गप्प होत.

पहिला निबंध त्या नेहमी 'माय व्हिलेज' हाच देत. शहरातल्यांनी आपली वस्ती लिहावी, एवढी सूट. आणि दरवर्षी त्यांच्या टेबलावर एकच गाव येऊन पडे. नदीकाठी वसलेलं, मधोमध देऊळ, भोवती हिरवीगार शेतं, माणसं साधी आणि प्रामाणिक. बारावीच्या गाईडमधलं गाव. आम्ही सगळे वेगवेगळ्या दिशांनी आलेलो, पण कागदावर एकाच गावचे झालो होतो.

सोनिका रेवतकर माझ्या बाकावर बसायची. नरखेड तालुक्यातली. वडिलांची मोसंबीची बाग. मॅडमनी तिचा कागद हातात घेऊन विचारलं, "नदी कुठे आहे वं तुझ्या गावात?"

"नाही, मॅडम."

"मग इथे कुठून आली?"

"गाईडमध्ये आहे."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मग पाणी कुठलं?"

"विहिरीचं. मोटर आहे ना."

"मग मोटर काहून नाही लिहिली?"

सोनिकाने जरा विचार केला आणि अगदी मनापासून विचारलं, "मोटर निबंधात चालते का, मॅडम?"

प्रशिकची गंमत आणखी वेगळी. तो उत्तर नागपुरातल्या वस्तीत वाढलेला, गाव त्याने फक्त लग्नाला पाहिलेलं. त्याच्याही निबंधात मधोमध देऊळ होतं आणि तो रोज संध्याकाळी आजीचा हात धरून तिथे जात होता.

"आजी देवळात जाते तुझी?" मॅडमनी विचारलं.

"विहारात जाते, मॅडम." प्रशिक एकदम खाली बघायला लागला. "आजीले सांगू नका, प्लीज."

तेव्हा मात्र मॅडम हसल्या. पण कागद घरी घेऊन गेल्या. त्यांचे मिस्टर देवराव एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे. त्या संध्याकाळची हकिकत त्यांनीच मला पुढे सांगितली. मनीषनगरच्या त्यांच्या घरात जेवणाच्या टेबलावर कागद पसरून मॅडम म्हणाल्या होत्या, "अहो, साऱ्या पोरांचं गाव एकच आहे. आणि त्या गावात कोणीच राहत नाही."

त्यांच्या संशोधनाचं बी त्याच्या बरंच आधी पडलं होतं. प्राध्यापकांच्या एका उजळणी वर्गात त्यांच्या हाती एका पॅलेस्टिनी लेखिकेची इंग्रजीत लिहिलेली कथा आली. निर्वासितांच्या छावणीतली शाळा. शिक्षिका 'माझं घर' हा विषय देते. मुलगी तिने कधीच न पाहिलेल्या घराबद्दल लिहिते, आजीच्या. उंबऱ्याचा दगड कुठे झिजला होता, अंजिराची फांदी कोणत्या खिडकीवर वाकली होती, सगळं. शिक्षिका खाली शेरा मारते की खोटं लिहू नये.

"ज्यांचं घर उरलं नाही त्यांना दगड कुठे झिजला ते ठाऊक आहे," मॅडम सांगत. "आणि माझ्या वर्गात घर आहे, गाव आहे, मोटर आहे, तर पोरं नदी लिहून राहिली. दोन्हीकडे इंग्रजीच आहे, दोन्हीकडे मास्तरीणच आहे. मग बिघडलं कुठे?"

या प्रश्नावर त्यांनी पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. पॅलेस्टिनी कथा-कादंबऱ्यांमधली माणसं स्वतःची ओळख कशी लिहितात, आणि इंग्रजी लेखन शिकवणाऱ्याला त्यातून काय घेता येईल, असा तो विषय. वय पन्नाशीच्या पुढे. बढतीचा प्रश्न नव्हता, पगारात काही पडणार नव्हतं. देवराव चिडवत, "पेन्शनले डॉक्टर लागत नाही, मास्तरीणबाई."

"तुमच्या पेन्शनला लागते," मॅडम पुस्तकातून मान वर न करता म्हणत. "बीपीची गोळी घेतली का?"

माझं एम.ए. सुरू झालं तेव्हा त्यांच्या प्रबंधाची टाइप केलेली प्रकरणं तपासायला मी रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांची वाचायची रीत मला तिथे कळली. त्या कादंबरी वाचताना भिंती मोजत. म्हणजे, या घरात किती खोल्या आहेत, पाणी कुठून येतं, स्वयंपाक कोणत्या बाजूला, म्हातारी कुठे बसते, हे त्या आधी काढून घेत. पात्रांच्या मनात मग शिरत. "मन कुठेतरी बसलेलं असते ना," असं त्यांचं म्हणणं.

मी उत्साहाच्या भरात एकदा सुचवलं की तिकडच्या कथांत सारखी येणारी संत्री आणि आपली नागपूरची संत्री असा धागा छान जमेल. त्यांनी चष्मा काढला. "संत्र्यावर जाऊ नको, रितिका. सगळे संत्र्यावरच जातात."

आणखी एक गोष्ट त्यांना मान्य नव्हती, दोन दुःखांची बेरीज करणं. मॅडमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा मॅडमचे वडील शाळकरी होते. पुढे ते शहरात आले आणि गावाचं नाव त्यांनी कधी काढलं नाही. लहानपणी मॅडम विचारत, "बाबा, आपलं गाव कसं होतं?" बाबा म्हणत, "दूर होतं." तेवढंच. गावाच्या हद्दीबाहेरच्या त्या घरांची आठवण जपण्यासारखी त्यांना वाटत नसावी. त्यामुळे कादंबऱ्यांमधली माणसं परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली दिसली की मॅडमना दोन्ही बाजू दिसत. कुणी गावासाठी झुरतं, कुणी गाव सुटलं म्हणून माणूस होतं. "तुलना करायची नाही, शेजारी ठेवायचं," त्या म्हणत. "दोन माणसं एका बाकावर बसली म्हणून भाऊ होत नाहीत. पण एकमेकांचं ऐकू तर येते."

मग ते युद्ध सुरू झालं. ज्या शहरांची, छावण्यांची नावं त्यांच्या प्रकरणांत होती, ती रोज बातम्यांत येऊ लागली. मॅडमनी काही आठवडे लिहिणं थांबवलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं, "आता हा वादाचा विषय कशाला ठेवता, मॅडम?" त्या म्हणाल्या, "बातम्यांत माणसं मेल्यावर येतात, सर. मी त्यांना त्याच्या आधी भेटून राहिले." आणि पुन्हा लिहायला बसल्या. नोंदणीची वाढवून मिळालेली मुदत संपत आली होती, निवृत्तीही जवळ होती.

प्रबंधाचं पाचवं प्रकरण म्हणजे मॅडमचा जीव. त्यात त्यांच्या वर्गातल्या मुलांचं लेखन होतं. गाईडमधलं गाव लिहून झाल्यावर वर्षभर त्या मुलांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत, रोजच्या पायऱ्यांवरच्या प्रश्नासारखंच. त्यातून जे आलं ते त्यांनी जसंच्या तसं दिलं होतं. वाक्यं वाकडी, क्रियापदं भलतीकडे, पण आत माणसं होती. सगळ्यांत वरचा तुकडा सोनिकाचा. डिंक्या रोगाने बाग गेल्यावर मोसंबीची झाडं उपटली, त्या दिवसांबद्दलचा. त्यात तिच्या आईविषयी एक ओळ होती. मॅडमनी ती ओळ पॅलेस्टिनी कादंबऱ्यांतल्या उताऱ्यांच्या शेजारी ठेवली होती आणि पुढचं सगळं विवेचन तिच्यावर उभं केलं होतं. मी ती वाचली आहे. इथे देणार नाही.

विद्यापीठातल्या समितीपुढे सादरीकरण झालं तेव्हा सदस्यांनी याच प्रकरणावर बोट ठेवलं. मुलांचं इंग्रजी एक तर दुरुस्त करून द्या किंवा प्रकरणच काढा. असं अशुद्ध लेखन प्रबंधात बरं दिसत नाही. एका सदस्यांनी शिवाय सुचवलं, "तुमच्याकडे नरखेडची मुलगी आहे ना? मग संत्र्याचं जोडा की."

"ती मोसंबी आहे, सर," मॅडम म्हणाल्या.

त्या तासभर वाद घालत होत्या. दुरुस्त केलं की ते पुन्हा गाईडमधलं होईल, असा त्यांचा मुद्दा. त्यांचे मार्गदर्शक धर्मेंद्र सर शांत गृहस्थ. त्यांनी मधला मार्ग काढला. लेखन तसंच ठेवा, पण प्रत्येक विद्यार्थ्याची परवानगी घ्या. समितीने मान्य केलं. मॅडम बाहेर आल्या त्या एखादी लढाई मारून आल्यासारख्या. देवरावांनी आणलेल्या थर्मासातला चहा त्या उभ्याउभ्याच प्यायल्या आणि म्हणाल्या, "परवानगी काय, पोरं हसत देतील."

बहुतेकांनी दिलीही. फोनवर, "चालते, मॅडम, आमचं कोण वाचते?" असं म्हणून. सोनिका मात्र म्हणाली, "मॅडम, भेटून बोलू का?"

ती तेव्हा बुटीबोरीला एका कापड कारखान्याच्या ऑफिसात लागली होती. मी मॅडमना माझ्या गाडीवर घेऊन गेले. दुपारच्या सुट्टीत सोनिका गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर आली. गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले. आजूबाजूला दूरदूरच्या राज्यांतले कामगार डबे उघडून बसले होते. तिने आधी मॅडमच्या पाया पडायचा प्रयत्न केला, त्यांनी पडू दिलं नाही. मग ती म्हणाली,

"मॅडम, तुम्ही माझं ते छापून राहिल्या?"

"हो. नाव हवं तर देते, नको तर नाही देत."

"ते इंग्रजी तसंच?"

"तसंच. एक शब्द हलवला नाही मी. भांडून ठेवलं आहे."

"काहून?"

मॅडमना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "कारण त्यात तू आहेस, सोनिका."

"होती, मॅडम. आता मी तशी नाही लिहीत. दिवसभर इंग्रजीत मेल टाकते मी, बाहेरच्या पार्टीले. त्यांना समजते, रिप्लाय येते. आन विद्यापीठात माझं ते उलटंपालटं कायमचं ठेवणार तुम्ही?"

"त्या उलट्यापालट्यातच तर गोडी आहे वं."

"गोडी तुम्हाले वाटते, मॅडम," सोनिका म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले लाज वाटते."

टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. कुणी हात लावला नाही. मग सोनिका ओढणीच्या टोकाशी चाळा करत पुढे म्हणाली, "आन ती आईची ओळ. ती मी वर्गासाठी लिहिली होती. तुम्ही विचारलं होतं म्हणून, तुमच्यासाठी. आईले माहीत पण नाही मी लिहिली ते. तिने कधी कोणाले सांगितलं नसतं ते."

मॅडमनी चहाचा कप तिच्याकडे सरकवला. एरवी प्रत्येक उत्तरावर त्यांच्याकडे आणखी एक प्रश्न असे. भोंगा झाला, सोनिका उठली. जाताना ओशाळून म्हणाली, "रागावल्या का?" मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

परतताना आम्ही वर्धा रोडने आलो. मनीषनगरात वळलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "त्या कथेतल्या मास्तरणीनं निदान शेराच मारला होता. मी तर पोरीचं घरच उचलून आणलं."

मला वाटलं होतं, त्या सोनिकाला समजावतील. त्यांना ते सहज जमलं असतं. सोनिका त्यांच्या शब्दाबाहेर गेली नसती, आणि हे मॅडमना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी समजावलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या धर्मेंद्र सरांकडे गेल्या आणि पाचवं प्रकरण पुन्हा लिहिते म्हणाल्या.

"मॅडम, मुदत बघा," सर म्हणाले. "आणि त्या ओळीवर तुमचं सगळं उभं आहे. ती काढली तर उरतं काय?"

"जे उरते ते लिहीन, सर."

"आणि नाही उरलं तर?"

"तर मी काही चांगलं शिकवलं नव्हतं, एवढं तरी कळेल."

सर हसले नाहीत. त्यांनी सुट्टीचे बेत रद्द केले आणि पुढचं प्रत्येक पान आल्या दिवशी वाचून दिलं. घरी मात्र देवराव भडकले. "एवढी वर्षं घासली, आन आता एका ओळीसाठी सारं पाडून राहिली? त्या पोरीचं नाव काढून टाक ना. कोणाले समजते?"

"तिला समजते," मॅडम म्हणाल्या.

देवरावांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढे धरलं. पण त्या दिवसापासून भाजी तेच आणू लागले, आणि कुकरही लावू लागले, अधूनमधून भात करपवत.

मॅडमनी सगळ्या मुलांना पुन्हा विचारलं, तुमचं तेव्हाचं लेखन तुम्हाला कसं ठेवायचं आहे? तसंच, बदलून, की अजिबात नको? त्यांना वाटलं होतं सगळे सोनिकासारखंच म्हणतील. तसं झालं नाही. प्रशिक स्वतः घरी आला. आता तो वकिलीचं शिक्षण घेत होता. म्हणाला, "माझं देऊळ राहू द्या, मॅडम. जसं लिहिलं तसं. माझ्या नावासकट."

"आजी?"

"आजीले वाचून दाखवलं. लई हसली. म्हणे, लोकायले समजू दे, आमच्या पोरायच्या तोंडी काय काय घालून राहिले होते."

सोनिकाचं नवीन लेखन ईमेलने आलं. स्वच्छ, सरळ इंग्रजी. त्यात नदी नव्हती. विहीर होती, वडील मोबाइलवरून मोटर कशी सुरू करतात ते होतं, नवीन लावलेली रोपं होती, बसथांब्यावरची पिंपळाखालची जागा होती. आई एकदाच आली होती, जुन्या बागेतल्या मोसंबीच्या पेट्या भरताना बायकांवर देखरेख करणारी, हिशेबी, करारी बाई. ती ओळ नव्हती. मॅडमनी दोनदा वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. माणसाला आपली लाडकी वस्तू दुसऱ्याच्या घरी गेलेली दिसावी, तसं काहीतरी तिथे क्षणभर आलं आणि गेलं. "चांगलं लिहिलं आहे," त्या म्हणाल्या. "पेट्या कुणी मोजल्या ते पण लिहिलं पाहा."

मग त्या कामाला लागल्या, आणि मला वाटतं त्यांचं खरं संशोधन त्या शेवटच्या काही आठवड्यांत झालं. वर्षानुवर्षं वाचलेल्या त्याच कादंबऱ्यांत त्यांना आता वेगळीच माणसं दिसू लागली. कॅमेरा समोर आला की गप्प बसणारी म्हातारी. परदेशी पाहुण्याला घराची गोष्ट सांगता सांगता मुद्दाम चहाकडे वळणारा बाप. आतापर्यंत त्यांनी फक्त सांगणाऱ्यांची यादी केली होती. न सांगणारेही स्वतःला जपत असतात, तीही ओळखच, हे त्यांनी नव्या प्रकरणात मांडलं. लेखन शिकवणं म्हणजे लिहितं करणं, आणि लिहिलेलं परत घेऊ देणंही. भाषा साधी होती. कुठेही टाळी मागितलेली नव्हती. एका तळटीपेत त्यांनी नोंदवलं की विद्यार्थिनीच्या इच्छेवरून आधीच्या मसुद्यातला काही भाग दिलेला नाही. मुदतीच्या आत प्रबंध गेला.

मौखिक परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई दक्षिणेकडच्या, मोठ्या अभ्यासू. खुली परीक्षा असल्यामुळे सभागृहात विभागातले लोक, आम्ही विद्यार्थी, मागच्या रांगेत माझ्याशेजारी इस्त्रीचा शर्ट घालून देवराव. सोनिकाची ड्यूटी होती. चर्चा इंग्रजीत चालली होती. बाईंनी कौतुकाने सुरुवात केली, बरेच प्रश्न विचारले, मॅडमनी नीट उत्तरं दिली. मग त्यांनी ती तळटीप काढली.

"सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तुम्ही दडवला आहे, असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "छापू नका. पण इथे तोंडी सांगायला काय हरकत आहे? त्या भागात काय होतं?"

धर्मेंद्र सरांनी मान खाली घातली. ती ओळ मॅडमना पाठ होती. तिथे ती म्हटली असती तर सगळं सभागृह गप्प झालं असतं, एवढी ती चांगली होती. आणि न सांगितल्याने बाईंनी प्रकरण सुधारून आणा म्हटलं असतं, तर निवृत्तीच्या तोंडावर सगळं पुन्हा लांबलं असतं.

"मला ती पाठ आहे, मॅडम," माया मॅडम म्हणाल्या. "पण ती माझी नाही."

"मग तुमचा निष्कर्ष मी कशाच्या आधारावर मान्य करायचा?"

"त्या भागाच्या आधारावर मी एकही निष्कर्ष काढलेला नाही. आधी काढला होता. तो मी मागे घेतला. आपण तपासून पाहा."

बाई पानं उलटू लागल्या. पंख्याचा आवाज येत होता. देवराव माझ्या कानाशी कुजबुजले, "गेली आता." बाई वाचत राहिल्या, एक पान मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. मॅडम टेबलावर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या, पाण्याचा ग्लास समोर असूनही त्याला हात न लावता.

"खरं आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "नाही काढलेला." त्यांनी चष्मा वर सारला आणि मॅडमकडे जरा वेळ पाहिलं. "हे करायला तुम्हाला बरंच पाडावं लागलं असणार." आणि पुढचा प्रश्न विचारला.

पदवीची शिफारस जाहीर झाली तेव्हा टाळ्या वाजल्या. शेजारच्या खोलीत समोसे, चिवडा आणि चहा मांडलेला होता. लोक मॅडमभोवती जमले, फोटो काढले. देवराव ज्याला त्याला सांगत होते, "मी तर पहिल्यापासून म्हणत होतो." मॅडम कप घेऊन खिडकीशी आल्या आणि मला म्हणाल्या, "सोनिकाला फोन लाव. सुट्टी झाली असेल तिची."

मी फोन स्पीकरवर धरला. मागे यंत्रांची घरघर येत होती.

"मॅडम, झालं का?"

"झालं."

"विचारलं का ते?"

"विचारलं."

पलीकडे नुसती घरघर. मग, "मग?"

"मग काय. नाही सांगितलं."

"आन डिग्री?"

"दिली ना."

नाक ओढल्याचा आवाज आला. "मॅडम, आईले सांगू का मी आता? का असं असं झालं म्हणून?"

"तुझी आई आहे, तुझं तू पाहा."

"थँक्यू, मॅडम."

"बरं बरं. ठेव आता," मॅडम म्हणाल्या. "चहा थंडा होऊन राहिला माझा."